एकट्याने दरी पाहणे : नांदुऱ्याहून

पाठीवर बिऱ्हाड घेऊन एकट्याने दरीत उतरायचे, तळातून चालत जायचे, दुसऱ्या वाटेने वर चढायचे आणि जिथून निघालो तिथेच परत यायचे, या प्रकाराला डोंगर भटकणारी मंडळी सोलो लूप ट्रेक म्हणतात. महाराष्ट्रात त्यासाठी नावाजलेली जागा म्हणजे अकोले तालुक्यातली सांदण दरी. साम्रद गावाजवळ तिचे तोंड आहे, तळाशी मुक्काम करता येतो, आणि करोली घाटाने चढून पुन्हा साम्रदला येता येते. सगळी यातायात करून माणूस अखेर होता तिथेच येतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यात हे वाक्य मोठ्याने म्हटले, तर ऐकणारा क्षणभर गप्प राहतो आणि मग घरी सगळे बरे आहे ना, अशी चौकशी करतो.

नांदुरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावर मलकापूर आणि शेगाव यांच्या दरम्यान, पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहे. गाव इतके सपाट, की गिर्यारोहणाचा सराव करायचा म्हटले तर रेल्वे स्थानकावरचा जिना सोडून दुसरी सोय नाही. दख्खनचा काळा कातळ नांदुऱ्याखालीही आहेच. पण पूर्णेने युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाखाली तो फार खोल गाडला गेला आहे. त्यामुळे नांदुरेकराचा दगडाशी संबंध येतो तो पाटा-वरवंटा आणि रुळांखालची खडी यांच्यापुरता. मातीचा मात्र त्याला दांडगा अनुभव. पावसाळ्यात कपाशीच्या वावरातून बांधापर्यंत गेलेल्या माणसाच्या प्रत्येक पायाला एवढी काळी माती चिकटते, की पायात वजने बांधून चालण्याचा जो व्यायाम शहरात पैसे मोजून करतात, तो इथे निंदणाबरोबर आपोआप होतो.

उंचीचे मापही गावाने स्वतःचे तयार केले आहे. महामार्गालगत 105 फुटांची हनुमानाची भव्य मूर्ती उभी आहे. पाण्याची टाकी असो, मोबाइलचा टॉवर असो की पुण्यात भाच्याने घेतलेल्या फ्लॅटची इमारत असो, कोणत्याही उंच वस्तूचा हिशेब या मूर्तीशी लावला जातो. सांदणच्या भिंती ठिकठिकाणी दोनशे ते चारशे फूट उंच आहेत, हे आकड्यात सांगून नांदुऱ्यात कोणी हलत नाही. ‘दोन ते चार मारुती’ म्हटले की ऐकणाऱ्याची मान आपोआप वर जाते आणि हात आपोआप जोडले जातात.

यावरून नांदुरेकराला चालायचा कंटाळा आहे असे कोणी समजू नये. चालण्यात हा भाग कोणाला हार जाणार नाही. शेगाव हाकेच्या अंतरावर असल्याने पायी दर्शनाला जाणारे घरोघरी सापडतात. संत गजानन महाराजांची पालखी दरवर्षी शेगावहून पंढरपूरला पायी जाते आणि येताना वेगळ्या वाटेने, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव करीत, परत येते. लूप ट्रेकची व्याख्या लावली तर राज्यातल्या मोठ्या लूप ट्रेकांपैकी एक या जिल्ह्यातूनच निघतो आणि तो पार पाडणाऱ्यांत कित्येक जण साठीच्या पुढचे असतात. त्यांच्याकडे ना कार्बन फायबरची काठी, ना ऊर्जा देणारी वडी. काठीच्या जागी पताका आणि वडीच्या जागी वाटेतल्या गावांनी वाढलेला झुणका.

तेव्हा अडचण चालण्याची नाही. नांदुऱ्याला न समजणाऱ्या गोष्टी दोन : एकट्याने चालणे आणि शेवटी देव नसलेल्या जागी जाणे. घरात बेत जाहीर झाला की पुढचा संवाद थोड्याफार फरकाने सगळीकडे असाच होतो.

‘‘कोन कोन चाल्ले?’’

‘‘एकटाच.’’

‘‘एकटाच? काहून? कोनी आलं नाई का संगं?’’

‘‘मीच नाही बोलावलं कोणाला.’’

‘‘बरं. मंग तिथं देव कोन्ता हाय?’’

‘‘देव नाही. दरी आहे.’’

‘‘दरीत काय हाय?’’

‘‘काही नाही. दरीच बघायची.’’

‘‘काही नाई थे पाहाले येवढ्या दूर चाल्ला!’’

इथे अनुभवी पदयात्री रतनवाडीचे नाव काढतो. साम्रदच्या शेजारीच रतनवाडी आहे आणि तिथे अमृतेश्वराचे प्राचीन, कोरीव शिवमंदिर आहे. अमृतेश्वराचा उल्लेख झाला की बेताला धार्मिक अधिष्ठान मिळते, आई अंगाऱ्याची पुडी शोधायला उठते आणि दरी हा देवळाच्या वाटेवरचा किरकोळ अडथळा ठरतो. महाराष्ट्रातले कितीतरी ट्रेक अशा रीतीने देवस्थानांच्या आश्रयाने पार पडलेले आहेत.

जवळची दरी सोडून एवढे लांब का जायचे, हा प्रश्न त्यातल्या त्यात रास्त आहे. उत्तरेला सातपुडा दिसतो, त्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाणा आणि खामगाव यांच्यामध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे. पण त्यांत मन मानेल तिथे तंबू ठोकून पायी हिंडता येत नाही, आणि अंबाबरवा तर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. या जिल्ह्यात परवानगी न घेता एकट्याने मुशाफिरी केल्याची ठळक नोंद एकाचीच आहे. टिपेश्वरच्या जंगलात जन्मलेला टी1सी1 हा वाघ 2019 च्या जूनमध्ये निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातल्या शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. गळ्यातल्या पट्ट्यावरून मोजले तेव्हा तोवरची चाल तेराशे किलोमीटरवर गेलेली होती. सामान शून्य. वाटेत शेवेचा पुडा उघडला नाही, सेल्फी काढली नाही, ‘अजून किती राहिलं’ हे एकदाही विचारले नाही. त्याला ‘वॉकर’ असे नाव पडले. तो जोडीदारीण शोधत निघाला असावा असा जाणकारांचा अंदाज होता आणि ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. एवढे चालून ज्यासाठी चाललो तेच नसलेल्या जागी पोचणे हा अनुभव ट्रेकरांना नवा नाही; तिथे फक्त वाघिणीच्या जागी चहाची टपरी धरायची.

घरच्या परवानगीनंतर सामानाचा टप्पा येतो. पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाहून जास्त नसावे, असा सर्वसाधारण नियम आहे. नियम करणाऱ्यांनी ज्ञात सामानाचा विचार केलेला दिसतो. नांदुऱ्यात भरलेल्या सॅकमध्ये ज्ञात आणि अज्ञात असे दोन थर असतात. वरचा थर मालकाने यादी करून भरलेला : झोपायची पिशवी, हेडलॅम्प, दोर, प्रथमोपचाराची पेटी, कोरडे कपडे, चटकन शिजणाऱ्या शेवया. खालचा थर तो आंघोळीला गेला असता घरातल्यांनी भरलेला असतो आणि त्याचे उत्खनन दरीच्या तळाशीच होते. त्यात धपाट्यांची चवड, हिरव्या मिरचीचा ठेचा, लोणच्याची काचेची बरणी, रात्री गार पडेल म्हणून सोलापुरी चादर, ‘तिकडच्या लोकांले’ म्हणून बांधलेल्या शेगाव कचोऱ्या आणि एक पितळी कुलूप निघते. कुलूप तंबूला लावण्यासाठी असते. तंबू कापडाचा आहे, हे घरी सांगून झालेले असते. पण दार आहे म्हटल्यावर कडी असणारच, या विश्वासाला कापडाने तडा जात नाही.

ठेच्याबद्दल मात्र थट्टा पुरे. शिजवलेले अन्न दुसऱ्या दिवशी आंबते, शेवया तिसऱ्या जेवणाला नकोशा होतात. धपाटे आणि ठेचा दोन-तीन दिवस आरामात टिकतात, गॅस लागत नाही, आणि काळोख्या तळाशी एक घास घेतला की कानापर्यंत ऊब येते. डोंगरातल्या आहारावर लिहिणाऱ्यांनी वऱ्हाडाकडे अजून म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही.

नांदुऱ्याहून इगतपुरी रेल्वेने जवळपास चारशे किलोमीटर आहे. एकांताच्या शोधातला हा पहिला टप्पा साधारण डब्यात काढावा लागतो. एकांताची पूर्वतयारी म्हणून याहून कठोर साधना नाही. भुसावळ येईपर्यंत सहप्रवाशांना त्याचे नाव, शिक्षण, पगार आणि लग्नाचे वय कळलेले असते. सॅकवर एक लहान मूल झोपलेले असते. जळगावला सॅक कोणाचीच नसून सर्वांची झालेली असते आणि मनमाडला कोणीतरी तिच्यावर पान मांडून जेवतो. इगतपुरीला उतरताना निम्मा डबा सामान खाली द्यायला मदत करतो आणि ‘सांभाळून जा, एकटे आहात’ असे बजावतो. इतक्या माणसांनी निरोप दिलेला माणूस एकटा कसा, हे त्या डब्यात कोणाच्या ध्यानात येत नाही.

पुढे घोटी, शेंडी आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून साम्रद. हा सारा मुलूख कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. इथे रतनगड, पलीकडे अलंग, मदन, कुलंग, समोर आजोबाचा डोंगर. सपाटीवरून आलेल्या माणसाला प्रथम वाटते ते हे, की इथल्या लोकांनी क्षितिज एवढे वर का ठेवले.

साम्रदमध्ये दुसरी चौकशी होते आणि ती पहिलीपेक्षा मोलाची असते. घराच्या ओट्यावर बसलेला, ही दरी लहानपणापासून पायाखाली घातलेला माणूस आधी बुटांकडे पाहतो, मग सॅककडे, मग चेहऱ्याकडे. ‘‘एकलेच का?’’ हो म्हटल्यावर तो घरात जातो आणि चहा घेऊन येतो. चहाबरोबर निकाल येतो : ‘‘सांदणीत एकलं नाय उतरायचं, दादा. मी येतो.’’ इथे सोलो ट्रेक संपतो आणि शहाणा ट्रेक सुरू होतो. ज्यांना हे मान्य नसते त्यांच्याबद्दल गावात फारसे बोलले जात नाही, नुसती मान हलवली जाते.

दरीची रचना समजून घेतली की मान का हलते ते कळते. सांदण ही बेसाल्टच्या पठाराला पडलेली सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग आहे. ओढा डोंगर पोखरत सावकाश दरी करतो, तशी ही प्रशस्त नाही. पठार करवतीने चिरल्यासारखे वाटते. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती बोटांना लागतात. तळाशी ऊन फार थोडा वेळ पोचते, म्हणून तिला सावल्यांची दरी असेही म्हणतात. तळ म्हणजे वरून कोसळलेल्या दगडांचा खच. त्यात टेबलाएवढे दगड आहेत, बैलगाडीएवढे आहेत, आणि नेमके पाय देताना हलतात ते आहेत. नांदुऱ्याच्या काळ्या मातीत पाय रुतला की निघत नाही. इथे पाय ठेवला की राहत नाही. आयुष्यभर पहिल्या संकटाची सवय झालेल्या पायांना दुसरे समजेपर्यंत ढोपर फुटलेले असते.

तोंडापाशी पाण्याचा झरा आहे. नांदुरेकर इथे हमखास थांबतो. पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येत असल्याने पाण्याच्या चवीबाबत तिकडचा माणूस सराफासारखा असतो. तो घोट घेतो, डोळे मिटतो आणि ‘‘गोडं हाय,’’ असा शेरा देतो. साम्रदच्या माणसाला पाणी गोड असण्यात विशेष काय, हे कळत नाही. सारी यात्रा एवढ्यावर वसूल झाली असे ज्याला वाटते, त्याला पुढे दरी आहे याची आठवण करून द्यावी लागते.

यानंतर वाटेत पाण्याचे दोन डोह लागतात. पहिला गुडघ्या-मांडीपर्यंत, दुसरा ऋतू आणि माणसाची उंची पाहून कमरेपासून छातीपर्यंत. पाणी अंगावर काटा आणणारे गार. बूट गळ्यात, सॅक डोक्यावर, अशा थाटात डोह पार करणाऱ्या माणसाचे जे छायाचित्र निघते, ते पाहून घरी समज होतो की पोराने नोकरी सोडून हमाली धरली. मे महिन्यात अंगाची लाही होणाऱ्या प्रदेशातून आलेल्याला भर दुपारी दात वाजण्याचा अनुभव नवा असतो. खालच्या थरातल्या सोलापुरी चादरीला तो मनातल्या मनात नमस्कार करतो.

बहुतेक पर्यटक डोह आणि त्यापुढचे काही दगड पाहून, पहिल्या कड्यापासून मागे फिरतात, आणि ते योग्यच करतात. पुढे दरी पायऱ्यापायऱ्यांनी खाली कोसळते. पहिला टप्पा साधारण पंचेचाळीस फुटांचा, म्हणजे नांदुऱ्याच्या मापाने मारुतीच्या कमरेच्या किंचित खाली. त्यापुढे आणखी लहान टप्पे. ते दोरावरून उतरावे लागतात. इथे एकट्या माणसाची गोची कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. दोर बांधून उतरायचे म्हटले तर दोर वरच राहतो, आणि पुढच्या टप्प्याला हात चोळत बसावे लागते. दोर दुहेरी लावून खाली गेल्यावर ओढून घेतला, तर तो बरोबर येतो; पण मग वर जायची वाट बंद. खाली पाय मुरगळला, दोर अडकला, पुढचा टप्पा पाण्याने भरलेला निघाला, तर वर हाक मारायला कोणी नाही, मागे फिरायला दोर नाही, आणि दोन्ही बाजूंना भिंती असल्यामुळे मोबाइल हे फक्त घड्याळ. जाणकार गट म्हणूनच एक माणूस आधी उतरवतात, तो खालून दोर ताणून धरतो. वर एक जण गाठी आणि हार्नेस तपासतो, एक जण मधल्यांना धीर देतो. तंत्रशुद्ध हिशेब केला तर सांदण एकट्याने उतरायला किमान तिघे लागतात.

त्या तिघांत साम्रदचा माणूस असला म्हणजे वर बोनस म्हणून गप्पा मिळतात. पंचेचाळीस फुटांवर अधांतरी लोंबकळत असताना तो वरून शांतपणे विचारतो, ‘‘तिकडं कपाशीला काय भाव, दादा?’’ नांदुऱ्याचा माणूस अशा वेळी पायाखालचे सारे विसरतो. कापसाच्या भावावर गप्प राहणे वऱ्हाडच्या रक्तात नाही. भाव, बियाणे, बोंडअळी असे विषय संपतात तेव्हा पाय खाली टेकलेले असतात. भीती घालवण्याचे याहून परिणामकारक तंत्र कोणत्याही प्रशिक्षण संस्थेत शिकवत असल्याचे ऐकिवात नाही.

तळाशी दरी रुंद होते, पाण्याची कुंडे असतात, आणि मुक्काम करण्याजोगी जागा मिळते. बाणाचा सुळका तिथून आभाळात घुसलेला दिसतो. रात्री रेंज नसते. तळाशी ही एकांताची पर्वणी; नांदुऱ्यात ती आणीबाणी. फोन लागत नाही म्हटल्यावर आधी आई, मग काका, मग इगतपुरीला कधी तरी बदलीवर असलेले काकांचे मित्र, अशी साखळी तयार होते. गल्लीतला एक जण टीव्हीवरचा दरड कोसळल्याचा जुना प्रसंग आठवून सांगतो. पहाटेपर्यंत दोन सत्यनारायण आणि शेगावची एक पायी वारी बोलून झालेली असते. तळाशी असलेला माणूस तेवढ्या वेळात ठेच्याची बरणी उघडून, ‘तिकडच्या लोकांले’ दिलेल्या कचोऱ्या तिकडच्या माणसाबरोबर संपवून, तंबूला कुलूप न लावता घोरत असतो.

दुसऱ्या दिवशी करोली घाट. ही साम्रद आणि कोकणातले डेहणे यांना जोडणारी जुनी पायवाट. नेहमीच्या चालणाऱ्याला वर यायला तीन-चार तास पुरतात. ‘अजून किती’ या प्रश्नाला गावकऱ्याचे उत्तर पूर्ण चढणभर ‘आलंच’ एवढेच असते. सॅक आदल्या दिवसापेक्षा हलकी असते. धपाटे संपलेले असतात, लोणच्याची बरणी साम्रदला ठेवून घेतली जाते, आणि कुलूप कोणीच घेत नाही. घाटमाथ्यावर पोचल्यावर मोबाइलला रेंज येते आणि न उचललेल्या फोनांचा पाऊस पडतो.

परतल्यावर गावात अहवाल मागितला जातो. तो फार थोडक्यात द्यावा लागतो, कारण ऐकणाऱ्याला दरीपेक्षा अमृतेश्वराचा प्रसाद आणला का, यात अधिक रस असतो. रतनवाडीला न जाताच घरी आलेल्यांची इथे पंचाईत होते. त्यांनी परतीच्या वाटेवर इगतपुरी स्थानकावर घेतलेले पेढे पुढे करावेत. प्रसाद मिळाला की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘‘पुढच्या बारीले आमी बी येऊ का?’’ आणि वर्षभरात तोच माणूस बारा जणांची टोळी, एक टेम्पो आणि दोन पातेली घेऊन साम्रदला पुन्हा हजर होतो.

जाणाऱ्यांसाठी एवढेच : सांदणचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी दरीच्या तळातूनच वाहते आणि बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून तेव्हा जाऊ नये. दोराचे टप्पे उतरायचे असतील तर दोर, हार्नेस, हेल्मेट आणि ते हाताळता येणारी माणसे हवीत, साम्रदचा वाटाड्या हवाच. घरी निघण्याचा दिवस, वाट आणि परत पोचण्याची वेळ कागदावर लिहून द्यावी, आणि तंबूला कडी नसते हेही त्याच कागदावर लिहावे.